स्वयंचलित क्रेन आल्या की उरण-पनवेलची ट्रककोंडी सुटेल? एका दाव्याचा मुद्देसूद प्रतिवाद

एक मजकूर व्हॉट्सॲपवर आणि फेसबुकवर पुन्हा पुन्हा फिरतो. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: "न्हावा शेवा बंदरात परदेशासारख्या स्वयंचलित क्रेन आणि चालकाविना धावणारे ट्रक आणा, गेटवर कॅमेरे लावा, ट्रकना ऑनलाइन वेळ द्या, मालगाड्यांचा डीएफसी मार्ग बंदराला जोडा, नाक्यांवर एआयचे सिग्नल बसवा. उरण, पनवेल, कळंबोली, ठाणे इथली ट्रकची कोंडी दोन वर्षांत संपेल. नेदरलँड्सच्या रॉटरडॅम बंदराने करून दाखवलं, आपल्याकडे फक्त इच्छाशक्ती नाही."

हेतू चांगला आहे आणि यातलं काही खरंही आहे. पण कोंडी नेमकी कुठे तयार होते हे न बघता यंत्रांची यादी केली की पैसा भलत्याच जागी जातो. बंदराजवळच्या जासई, करळ, गव्हाण फाटा, दिघोडे या पट्ट्यातली माणसं रोज अठरा चाकी ट्रेलरच्या शेजारून दुचाकीवर कामाला जातात. रस्त्याकडेला उभ्या ट्रेलरवर रात्री मागून गाडी आदळली की जीव जातो. म्हणून या मजकुरातलं एकेक विधान तपासून घेऊ.

आधी आकड्यांचा अंदाज. २०२४-२५ या वर्षात या बंदराने सुमारे ७३ लाख टीईयू हाताळले. वीस फुटी कंटेनर म्हणजे एक टीईयू, चाळीस फुटी म्हणजे दोन. दिवसाला हे २० हजार टीईयू झाले. रेल्वेने जाणारा माल पाचव्या हिश्श्याहून कमी, म्हणजे रोज किमान १६ हजार टीईयू रस्त्यावर. वीस आणि चाळीस फुटी यांचं मिश्रण धरलं, तर रोज साधारण दहा हजार कंटेनर ट्रेलरवरून गेटच्या आत किंवा बाहेर जातात. हा ढोबळ हिशेब पुढे सगळीकडे लागणार आहे.

"स्वयंचलित क्रेनमुळे काम जलद होईल, रांगच लागणार नाही"

धक्क्यावरची क्रेन जहाजाचं काम करते. रस्त्यावरची रांग गेटमुळे आणि यार्डमुळे, म्हणजे बंदरात कंटेनर रचून ठेवायच्या जागेमुळे लागते. या दोन गोष्टींचा संबंध आहे, पण मजकुरात सांगितला आहे त्याच्या उलटा. जहाजाने एका फेरीत तीन हजार कंटेनर उतरवले आणि क्रेन जलद झाल्यामुळे ते ३० तासांऐवजी २० तासांत यार्डात आले, तर जहाज लवकर सुटेल. बाहेर मात्र तेवढेच ट्रेलर आधीपेक्षा कमी वेळात येऊन उभे राहतील. गेटची आणि यार्डची ताकद तीच राहिली, तर धक्क्यावरचा वेग रस्त्यावरची लाट आणखी उंच करतो.

आणि स्वयंचलित क्रेन जलद असतेच असंही नाही. जगभरच्या कंटेनर बंदरांचा आढावा घेणारा इंटरनॅशनल ट्रान्सपोर्ट फोरमचा २०२१ चा अहवाल सांगतो, की स्वयंचलित बंदरं साधारणपणे पारंपरिक बंदरांपेक्षा अधिक उत्पादक नाहीत. कारण समजायला सोपं आहे. सरावलेला क्रेन ऑपरेटर वाऱ्याने झुलणारा स्प्रेडर (कंटेनर पकडणारी चौकट), थोडासा वाकलेला कंटेनर, अडकलेला ट्विस्टलॉक (कोपऱ्यातली फिरती खिट्टी) डोळ्यांनी ओळखून हात बदलतो. यंत्र अशा जागी थांबतं आणि माणसाला बोलावतं. ऑटोमेशनचा खरा फायदा रोज एकसारखं काम होण्यात, अपघात घटण्यात आणि मजुरीच्या खर्चात आहे. जिथे मजुरी फार महाग, तिथे हे गणित जमतं. तो फायदा टर्मिनलचा, म्हणजे बंदरात कंटेनर हाताळणाऱ्या कंपनीचा, आणि तो घ्यायला हरकत नाही. गव्हाण फाट्यावर अडकलेल्या एसटीला त्याने काही मिळत नाही.

क्रेनपेक्षा यार्डाकडे बघा. आपल्याकडच्या यार्डात रबरी चाकांच्या आरटीजी क्रेनखाली कंटेनर पाच-पाचच्या थरात रचलेले असतात. चालक गेटमधून आत आला, ब्लॉकपाशी उभा राहिला, आणि त्याचा कंटेनर नेमका कितव्या थरात आहे हे नशिबावर. एकावर एक रचलेल्या पाचांतला कुठलाही एक काढायचा, तर त्याच्यावर सरासरी दोन कंटेनर असतात: कधी एकही नाही, कधी चार. ते उचलून बाजूला ठेवायचे, मग हवा तो काढायचा. एका उचलीला दोन मिनिटं धरली तर दोन मिनिटांचं काम सहा मिनिटांचं होतं, आणि तासाला तीस गाड्या सोडू शकणारी आरटीजी दहा सोडते. मागच्या वीस गाड्या ब्लॉकमध्ये उभ्या राहतात, आतली वाट भरली की गेट थांबवावं लागतं, आणि गेट थांबलं की रांग हायवेवर येते.

यावर उपाय आहे आणि तो सॉफ्टवेअरचाच आहे. कोणता ट्रेलर कोणता कंटेनर न्यायला किती वाजता येणार हे आदल्या रात्री कळलं, तर टर्मिनलची संगणक प्रणाली क्रेनला रिकाम्या तासांत उलथापालथ करून तो कंटेनर वरच्या थरात आणून ठेवायला सांगू शकते. यासाठी रोबोट क्रेन लागत नाही. लागते ती खात्रीची आगाऊ माहिती, आणि आपल्याकडे नेमकी तीच नसते. आयात कंटेनरची डिलिव्हरी ऑर्डर (कंटेनर ताब्यात द्यायचा जहाज कंपनीचा कागद) संध्याकाळी हातात पडते, आयातदाराचं कस्टम्सचं काम बघणारा कस्टम्स हाउस एजंट ट्रान्सपोर्टरला फोन करतो, तो मिळेल ती गाडी पाठवतो.

"चालकाविना ट्रक आले की शिस्त येईल, कोंडी जाईल"

रॉटरडॅमच्या डेल्टा टर्मिनलवर १९९३ पासून चालकाविना वाहनं कंटेनर वाहतात. पण कुठे? कुंपणाच्या आत, सपाट फरसबंदीवर, जिथे पायी माणसाला मज्जाव असतो. टर्मिनलच्या दारापाशी त्यांची हद्द संपते. पनवेलजवळच्या पळस्प्यापासून बंदरापर्यंतच्या राष्ट्रीय महामार्ग ३४८ वर रिक्षा, उलट दिशेने येणारी दुचाकी, सर्व्हिस रोडवरून मध्येच घुसणारा टँकर, पावसाळ्यात पाण्याखाली गेलेला खड्डा हे सगळं आहे.

समजा तंत्र इथेही चाललं. चाळीस फुटी कंटेनर घेतलेला ट्रेलर घोड्यासकट (पुढच्या ओढणाऱ्या गाडीसकट) सुमारे सोळा मीटर लांब. चालक असो वा नसो, रस्त्यावरची जागा तो तेवढीच घेणार, आणि गेटवर कागद अडले तर तोही रांगेतच उभा राहणार. त्याला झोप, जेवण, शौचालय लागत नाही एवढाच फरक. ज्या माणसांना लागतं, त्यांच्यासाठी बंदराच्या वाटेवर नीट पार्किंग, पाणी आणि स्वच्छतागृह करणं हे त्या ट्रकपेक्षा कितीतरी स्वस्त पडतं, आणि रस्त्याकडेला गाड्या लावायचं एक कारण त्याने आजच नाहीसं होतं.

"गेटवर कॅमेरे लावले की गाडी न थांबता आत"

हा मजकुरातला सर्वांत उपयोगी मुद्दा, पण अर्धाच सांगितलेला.

एक साधं गणित मांडू. गेटला दहा लेन, एका गाडीला तीन मिनिटं. तासाला २०० गाड्या. दिवसभरात ४,८०० ची ताकद. आता संध्याकाळी सहा ते नऊ तासाला ३०० गाड्या आल्या, तर तीन तासांत ३०० गाड्या शिल्लक राहतात. प्रत्येकीला अंतरासकट वीस मीटर धरले की एका ओळीत सहा किलोमीटरची रांग. नऊनंतर गाड्या तासाला १५० वर आल्या तरी ती रांग तासाला ५० नेच कमी होणार, म्हणजे सहा तास. तीन तासांच्या लाटेने नऊ तासांची कोंडी होते, आणि तीही अशा दिवशी, की ज्या दिवशी गेटची एकूण ताकद पुरेशी होती.

कॅमेऱ्यांनी तीन मिनिटांचं एक मिनिट केलं तर हे चित्र नक्की बदलतं. पण कॅमेरा काय करतो ते नीट समजून घ्यायला हवं. कमानीखालून ट्रेलर जाताना तो गाडीची पाटी, कंटेनरचा क्रमांक, त्याचा प्रकार आणि दाराचं सील टिपतो. कंटेनरच्या क्रमांकात चार अक्षरं आणि सात अंक असतात, आणि शेवटचा अंक पडताळणीचा असतो. 'सीएसक्यूयू ३०५४३८ ३' हे त्याचं प्रसिद्ध उदाहरण. प्रत्येक अक्षराला ठरलेली किंमत असते: सी १३, एस ३०, क्यू २८, यू ३२. मग डावीकडून प्रत्येक जागेला १, २, ४, ८, १६ असं दुप्पट होत ५१२ पर्यंत गुणायचं. सगळ्याची बेरीज ६,१८५ येते. तिला ११ ने भागलं की बाकी ३, म्हणजे शेवटचा अंक बरोबर. कॅमेऱ्याने गंजलेला ८ चुकून ३ वाचला तर ही बाकी जुळत नाही आणि यंत्र स्वतःच 'शंका' दाखवतं. म्हणजे क्रमांकाची चूक पकडणं हा सुटलेला प्रश्न आहे. पकडल्यावर काय, हा सुटलेला नाही.

शंभरातल्या चारच गाड्या अशा अडल्या आणि त्या लेनमध्येच उभ्या करून दहा-दहा मिनिटं फोन चालले, तर चार गाड्यांची ४० मिनिटं आणि उरलेल्या ९६ ची ९६ मिनिटं. सरासरी एका मिनिटावरून १.३६ मिनिटांवर गेली, गेटची एक चतुर्थांशाहून थोडी जास्त ताकद चार गाड्यांनी खाल्ली. म्हणून कॅमेऱ्यांच्या निविदेत सगळ्यात आधी बघायची गोष्ट म्हणजे अडलेली गाडी बाजूला काढायची वेगळी लेन आहे का, तिथून वळून परत बाहेर जायला जागा आहे का, आणि तिथे निर्णय घेण्याचा अधिकार असलेला माणूस रात्री दोन वाजता हजर असतो का.

आणि क्रमांक ही अडण्याच्या कारणांतली लहान बाब. निर्यातीची गाडी प्रत्यक्षात अडते ती अशी: फॉर्म १३ (निर्यात कंटेनरचा गेट-प्रवेशाचा कागद) वर एका ट्रेलरचा नंबर, पण तो बिघडला म्हणून दुसराच घोडा लावून आणला. सीलचा क्रमांक शिपिंग बिलाशी (कस्टम्सकडे भरलेल्या निर्यातीच्या कागदाशी) जुळत नाही. कंटेनरच्या पडताळलेल्या वजनाचा व्हीजीएम दाखला शिपिंग लाइनकडे (जहाज कंपनीकडे) पोचलेला नाही. जुलै २०१६ पासून त्याशिवाय जहाजावर कंटेनर चढत नाही. कस्टम्सची निर्यात परवानगी अजून प्रलंबित. चालकाच्या बंदर प्रवेश पासची मुदत संपलेली. किंवा जहाज पुढे ढकललं गेल्याने टर्मिनलने त्या फेरीचं गेटच अजून उघडलेलं नाही, आणि हे कारखान्यातून निघालेल्या चालकाला कुणी सांगितलेलं नाही. यातली एकही गोष्ट कॅमेरा दुरुस्त करत नाही. तो फक्त ती गेटपर्यंत येऊ देतो आणि मग तिथे दाखवतो.

ही तपासणी गाडी निघायच्या आधी व्हायला हवी. गाडी क्रमांक, कंटेनर, सील, व्हीजीएम, कस्टम्सची परवानगी आणि जहाजाचं गेट उघडं असणं, या सहाही गोष्टी एकाच पडद्यावर हिरव्या झाल्याशिवाय चालकाच्या मोबाइलवर प्रवेशाचा क्यूआर कोड येऊच नये. हा डेटा वेगवेगळ्या ठिकाणी आज संगणकावर आहेच: कस्टम्सचा आइसगेट या त्यांच्या संकेतस्थळावर, शिपिंग लाइनचा तिच्या प्रणालीत, टर्मिनलचा त्याच्या प्रणालीत. त्यांना जोडणं हे महिन्यांचं काम आहे. क्रेन बदलणं वर्षांचं. फॅक्टरीत भरून आलेल्या निर्यात कंटेनरांसाठी बंदराने मध्यवर्ती पार्किंग प्लाझा उभारला आहे. कागद पूर्ण नसलेली गाडी रस्त्यावर न थांबता तिथे थांबावी हीच त्यामागची कल्पना. ती जागा त्या कामासाठीच वापरली जावी, आणि गाडीला तिथून 'आता निघ' हा निरोप माणसाच्या हाकेऐवजी प्रणालीतून जावा.

"ऑनलाइन स्लॉट द्या, प्रश्न मिटला"

स्लॉट हवेतच. वरची संध्याकाळची लाट मोडायचा तोच सरळ मार्ग. पण नुसता स्लॉट दिल्याने काय होतं याचा अनुभव कॅलिफोर्नियाने घेऊन ठेवला आहे. तिथे २००२ साली कायदा झाला: ट्रक गेटवर अर्ध्या तासाहून जास्त ताटकळला तर टर्मिनलला २५० डॉलर दंड, टर्मिनलने आगाऊ वेळ देण्याची सोय केली तर त्यातून सुटका. टर्मिनलांनी सोय केली, म्हणजे संकेतस्थळावर वेळ मिळू लागली. आतलं काम त्या वेळेप्रमाणे आखलं गेलं नाही, वेळ घेतलेल्या ट्रकला वेगळी लेन मिळाली नाही, आणि रांगांवर फारसा परिणाम दिसला नाही.

मग जुलै २००५ पासून लॉस एंजेलिस आणि लाँग बीचने दुसरा मार्ग घेतला. दिवसा येणाऱ्या कंटेनरवर शुल्क, रात्री माफ. बराच माल खरोखर रात्रीकडे सरकला. पण संध्याकाळी सहाला शुल्क संपायचं, म्हणून पाचपासूनच ट्रक गेटबाहेर येऊन थांबू लागले आणि तिथे नवी रांग तयार झाली. २०१८ च्या नोव्हेंबरात त्यांनी ती पद्धत सोडली आणि दिवस-रात्र सारखं शुल्क आणि आगाऊ वेळ असा बदल केला.

ठाणे-घोडबंदरकडच्या लोकांना हे चित्र ओळखीचं वाटेल. जड वाहनांना ठरावीक तासांतच प्रवेश. तास अधिसूचनेनुसार बदलतात, पण बंदी उठण्याच्या क्षणी शहराच्या वेशीवर काय होतं ते बदलत नाही. तासन् तास कडेला थांबलेले ट्रेलर एकदम सुटतात आणि गायमुखच्या चढाला एकाच वेळी भिडतात. एक जरी गाडी घाटात बंद पडली की रात्र गेली. बंदी उठवायची असेल तर एका क्षणी सगळ्यांसाठी उठवू नये. न्हावा शेव्याचा गेट-स्लॉट आणि ठाण्याची प्रवेशवेळ एकमेकांशी जोडून गाड्या टप्प्याटप्प्याने सोडाव्यात. आज बंदराची वेळ बंदर ठरवतं, शहराची वेळ वाहतूक पोलीस ठरवतात, आणि चालक दोन्हींच्या मध्ये रस्त्याच्या कडेला.

स्लॉट चालवून दाखवला तो सिडनीच्या पोर्ट बॉटनीने. २०१०-११ च्या सुमारास न्यू साउथ वेल्स सरकारने तिथे दोन्ही बाजूंना दंड लावला. ट्रक ठरल्या वेळी आला नाही तर वाहतूकदार टर्मिनलला भरतो. ट्रक वेळेवर येऊनही टर्मिनलने त्याला ठरल्यापेक्षा जास्त रखडवलं तर टर्मिनल वाहतूकदाराला भरतं. वेळेआधी येणाऱ्यांसाठी थांबायला वेगळी जागा केली. आपल्याकडे वाहतूकदाराला दंड लावणं सोपं आहे, कारण त्याची बाजू लंगडी. टर्मिनलने भरायचा दंड, टर्मिनल चालवायला देताना बंदर कंपनीशी जो करार करतं त्यात लिहून घेणं कठीण आहे. पण तो नसेल तर स्लॉट म्हणजे ट्रकवाल्याच्या डोक्यावर आणखी एक कागद.

"रॉटरडॅम बघा"

रॉटरडॅमचा मोठा माल ऱ्हाइन नदीतून बार्जने (सपाट तळाच्या मालबोटींनी) वर जर्मनीत जातो. बराच माल एका जहाजातून दुसऱ्या जहाजात चढतो आणि शहराच्या रस्त्याला शिवतही नाही. केरळातलं विळिंजम हे भारतातलं पहिलं अर्धस्वयंचलित बंदर म्हणून या मजकुराखाली हमखास आणलं जातं. तेही मुख्यतः जहाज-ते-जहाज मालाचं बंदर आहे. उरणच्या गेटशी त्याची तुलना होत नाही. तुलना करायचीच तर लॉस एंजेलिस-लाँग बीचशी करा, कारण तिथलाही माल आपल्यासारखाच ट्रेलरवरून गोदामांकडे जातो. तिथे २०२१ पर्यंत किमान दोन मोठी टर्मिनलं स्वयंचलित झालेली होती. तरीही २०२१-२२ च्या हिवाळ्यात बाहेर शंभरावर जहाजं खोळंबली, कारण गोदामं भरलेली होती, एम्टी (रिकामे) कंटेनर परत घ्यायला जागा नव्हती आणि ते लादून उभ्या असलेल्या चॅसी (ट्रेलरचे चाकांचे सांगाडे) मोकळ्या होत नव्हत्या.

"डीएफसी आली की ट्रक रस्त्यावरून जातील"

दिल्लीजवळच्या दादरीपासून जेएनपीटीपर्यंतचा, म्हणजे न्हावा शेवा बंदरापर्यंतचा, पश्चिम समर्पित मालवाहतूक मार्ग (डीएफसी) १,५०६ किलोमीटरचा. त्याचं बळ मोठं आहे आणि त्याला कमी लेखू नये. वीजतारा उंच असल्याने एकावर एक दोन कंटेनर रचून गाडी धावते. ४५ वॅगनची नेहमीची गाडी ९० टीईयू नेते, दुमजली १८०, आणि दीड किलोमीटर लांबीची जोडगाडी ३६०. शिवाय वैतरणा ते जेएनपीटी हा या मार्गाचा सर्वांत शेवटी राहिलेला टप्पा वसई-दिवा-पनवेल रेल्वेच्या पट्ट्यातून येतो. त्या जुन्या मार्गाच्या दोनच रुळांवर मालगाड्या, लांब पल्ल्याच्या गाड्या आणि मेमू एकमेकींना वाट देत चालतात. मालगाडी तिथून बाजूला निघाली, की तिथल्या प्रवाशांचा फायदा थेट आहे.

ट्रकचं मात्र वेगळं. या मार्गावर जाणारा माल म्हणजे दिल्ली परिसर, राजस्थान, उत्तर गुजरातचा. त्यातला बराचसा आधीच रेल्वेने जातो, आणि मुंद्रा, पिपावाव ही बंदरं त्याच मालासाठी स्पर्धेत आहेत. भिवंडीच्या गोदामांत, तळोजा-रसायनी-चाकणच्या कारखान्यांत, नाशिकच्या द्राक्षांच्या शीतगृहांत जाणारा-येणारा कंटेनर सुमारे ३० ते २०० किलोमीटरचा प्रवास करतो. एवढ्यासाठी तो बंदरात ट्रेनवर चढवायचा, मध्ये उतरवायचा, पुन्हा ट्रेलरवर ठेवायचा, तर उचलण्याचाच खर्च भाड्याला गिळतो. हे ट्रक डीएफसी कमी करणार नाही.

तरी उदार होऊन धरू, की रेल्वेचा वाटा २० टक्क्यांवरून ४० टक्के झाला. मग रस्त्यावरचे रोजचे १६ हजार टीईयू १२ हजारांवर येतील. आता दुसरी बाजू. सप्टेंबर २०२५ मध्ये दुसरा टप्पा सुरू झाल्यावर बंदरातल्या बीएमसीटी (भारत मुंबई कंटेनर टर्मिनल्स) या एकाच टर्मिनलची क्षमता दुप्पट होऊन ४८ लाख टीईयू झाली, म्हणजे २४ लाखांची भर. ७३ लाखांत २४ लाख मिळवले की ९७ लाख, दिवसाला साडेसव्वीस हजार. त्याचे ६० टक्के पुन्हा १६ हजार. रेल्वेचा वाटा दुप्पट करूनही रस्ता जिथे होता तिथेच. म्हणून डीएफसी हवीच. ती नसेल तर हाल याहून वाईट होतील. पण कोंडी 'संपवणारी' ती नाही.

बंदराच्या आतली रेल्वेची अडचणही या मजकुरात येत नाही. आतून निघणाऱ्या गाडीत वेगवेगळ्या टर्मिनलांचे कंटेनर मिसळलेले असतात. प्रत्येक टर्मिनलच्या सायडिंगला थोडे थोडे वॅगन भरत बसलं की गाडी तासन् तास अडकते. नाहीतर कंटेनर ट्रेलरवरून एका टर्मिनलातून दुसऱ्यात न्यावे लागतात, म्हणजे पुन्हा ट्रक. जिथे सायडिंग आखूड, तिथे दीड किलोमीटरची गाडी तोडावी लागते आणि निघताना जोडावी लागते. इथे ऑटोमेशनला खरं काम आहे: गाडी निघण्याच्या आदल्या दिवशीच एका गावाचे, एका टर्मिनलचे कंटेनर एकाच रेकमध्ये (वॅगनच्या एका जोडणीत) बसतील अशी आखणी.

"एआयचे सिग्नल"

करळ, जासई भागात उड्डाणपूल झाल्यावर कोंडी सिग्नलपाशी कमी आणि गेट, सीएफएस (बंदराबाहेरची कंटेनर गोदामं) आणि एम्टी यार्डांच्या तोंडाशी जास्त होते. पुढचा रस्ता भरलेला असताना मागचा सिग्नल कितीही हुशार असला तरी गाडी जाणार कुठे? पैसे शहाणपणाने वापरायचे तर आधी सर्व्हिस रोड मोकळे ठेवा.

या मजकुरात नसलेली, पण सगळ्यात मोठी गोष्ट: रिकाम्या फेऱ्या

एका आयात कंटेनरचा प्रवास मोजा. बंदरातून सीएफएसला, उरण-पनवेल पट्ट्यात अशी तीसहून अधिक सीएफएस आहेत. तिथून कारखान्याला. माल उतरवून रिकामा कंटेनर शिपिंग लाइनच्या एम्टी यार्डात. तिथून तोच किंवा तसाच कंटेनर एखाद्या निर्यातदाराकडे. भरून पुन्हा बंदरात. पाच फेऱ्या, त्यातल्या दोन रिकाम्या डब्याच्या. शिवाय बऱ्याच फेऱ्यांत ट्रेलर एका बाजूने मोकळाच धावतो.

डायरेक्ट पोर्ट डिलिव्हरीने यातली पहिली फेरी वाचते, कंटेनर थेट कारखान्यात जातो. पण आयातदाराने ठरलेल्या मुदतीत उचलला नाही तर तो सीएफएसला ढकलला जातो आणि फेरी पुन्हा वाढते. दुसरी बचत अधिक मोठी: चाकणमध्ये रिकामा झालेला कंटेनर उरणला न आणता जवळच्याच निर्यातदाराला द्यायचा. दोन रिकाम्या फेऱ्या, शे-सव्वाशे किलोमीटरच्या, एका झटक्यात गेल्या.

हे का होत नाही? कंटेनर त्याच शिपिंग लाइनचा हवा, मापाचा हवा, खाद्यपदार्थांसाठी असेल तर तळ स्वच्छ आणि वास नसलेला हवा. आयातदाराची कंटेनर परत करायची मुदत चालू असते. हस्तांतर झाल्यावर डिटेन्शनचं, म्हणजे कंटेनर उशिरा परत केल्याच्या आकाराचं, मीटर कोणाच्या नावावर, हे लाइनने तत्काळ सांगावं लागतं. आणि डब्याला पोचा आधीचा की नंतरचा, याचा वाद एम्टी यार्डातल्या सर्व्हेअरच्या पावतीवर मिटतो. यार्डच टाळलं तर ती पावती कोण देणार? उत्तर आहे: आयातदाराच्या दारात चालकाने मोबाइलवर ठरलेल्या आठ कोनांतून काढलेले फोटो, वेळ आणि ठिकाणासकट, लाइनने एका तासात होकार-नकार देण्याचं बंधन, आणि होकार मिळताच मीटर निर्यातदाराच्या नावावर. जुलै २०१६ पासून या बंदरातून कंटेनरवर लॉजिस्टिक्स डेटा बँक या माग काढणाऱ्या प्रणालीचा आरएफआयडी (रेडिओ लहरींनी वाचता येणारा) टॅग लागतो आणि टोलनाक्यांवर तो वाचला जातो. म्हणजे कोणता डबा कुठे आहे हे कळतं. तो रिकामा झाला आणि कोणाला चालेल, हे जुळवणारी व्यवस्था त्यावर बसवायची आहे.

"टर्मिनलचे आकडे सुधारलेत, म्हणजे उपाय लागू पडतोय"

या मजकुराखाली बहुतेक वेळा ट्रकचा टर्नअराउंड वेळ कमी झाल्याचा तक्ता जोडलेला असतो. तो वेळ गेट-इनच्या ठोक्याला सुरू होतो आणि गेट-आउटला संपतो. गेटच्या आधी हायवेवर गेलेले चार तास त्यात नसतात. उलट गेट बंद ठेवून आत मोजक्याच गाड्या घेतल्या की आतला वेळ सुंदर दिसतो आणि बाहेरची रांग वाढते. गव्हाण फाटा, करळ आणि पळस्पे या तीन जागी जीपीएसची आभासी रेषा आखून, ट्रेलर तिथून पार झाल्यापासून ते परत तीच रेषा ओलांडेपर्यंतचा वेळ टर्मिनलनिहाय, तासानिहाय दर आठवड्याला जाहीर करावा. सरासरीसोबत सर्वांत उशिरा सुटलेल्या दहा टक्के गाड्यांचा वेळही द्यावा, कारण रस्त्याकडेला रात्र काढणाऱ्या गाड्या त्याच असतात. बऱ्याच व्यावसायिक गाड्यांवर ट्रॅकिंगची उपकरणं आज बसलेलीच आहेत. कोणतीही नवी क्रेन, नवा ट्रक किंवा सिग्नल घेण्याआधी सहा महिने हा आकडा गोळा करावा, आणि घेतल्यावर तोच आकडा किती हलला ते निविदेतल्या शेवटच्या हप्त्याशी बांधावं.